'हाउएव्हर', 'मोरओव्हर', 'देअरफोर': इंग्रजी प्रबंधातले जोडशब्द

प्रश्न असा आहे: प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यावर गाइडनी शेरा दिला की वाक्ये सुटी सुटी वाटतात. म्हणून दुसऱ्या मसुद्यात जवळपास प्रत्येक वाक्याआधी 'हाउएव्हर', 'मोरओव्हर' किंवा 'देअरफोर' घातले. आता शेरा आला आहे की जोडशब्द फार झाले. मग हे शब्द वापरायचे कुठे आणि किती? सोबत भूजलावरच्या प्रकरणातली चार वाक्ये दिली आहेत.

दोन्ही शेरे खरे आहेत. दोन वाक्यांमध्ये जो संबंध आधीपासून आहे, त्याचे नाव जोडशब्द सांगतो. लिहिणाऱ्याच्या मनात तो संबंधच ठरलेला नसेल, तर शब्द घालून तो तयार होत नाही. आणि संबंध उघड दिसत असेल, तर त्याचे नाव सांगायची गरज उरत नाही.

तुमची वाक्ये मराठीत मांडतो. 'भूजलाची पातळी घटली. मोरओव्हर, पाऊस सरासरीइतका झाला. देअरफोर, उपसा वाढला. हाउएव्हर, उपशाच्या नोंदी उपलब्ध नाहीत.'

पहिला 'मोरओव्हर' चुकला आहे. हा शब्द 'शिवाय'सारखा दिसतो, पण 'शिवाय'पेक्षा त्याचे काम अरुंद आहे. एका मुद्द्याच्या बाजूने आधी एक पुरावा दिला, आता त्याच बाजूने दुसरा, शक्यतो अधिक वजनदार पुरावा येतो आहे, असे तो वाचकाला बजावतो. 'नमुना लहान होता. मोरओव्हर, निम्म्या लोकांनी उत्तरेच दिली नाहीत' हे योग्य, कारण दोन्ही गोष्टी निष्कर्ष जपून वापरा असेच सांगतात. 'सर्वेक्षण ऑनलाइन होते. मोरओव्हर, ते इंग्रजीत होते' ही मात्र नुसती माहिती आहे. तिथे साधा 'अँड' पुरतो. तुमच्या परिच्छेदात तर सरासरीइतका पाऊस पातळी घटण्याच्या उलट दिशेला ओढतो. पाऊस पडूनही पातळी घटली, हा तिथला खरा संबंध आहे. म्हणजे तिथे 'ऑल्दो' हवा.

'देअरफोर' जास्त धोक्याचा आहे. पाऊस पुरेसा होता आणि पातळी घटली, एवढ्यावरून उपसा वाढलाच असे सिद्ध होत नाही. तसा अंदाज करता येतो. 'देअरफोर' लिहिले की तुम्ही तर्काने निष्कर्ष काढल्याचा दावा करता, आणि तोंडी परीक्षेत तो दावा तुम्हालाच राखावा लागतो. अशा ठिकाणी जोडशब्द काढून क्रियापद सौम्य करावे: 'सजेस्ट्स', 'पॉइंट्स टू'. शेवटचा 'हाउएव्हर' मात्र अगदी बरोबर जागी आहे. सगळे मिळून परिच्छेद असा होईल: 'ऑल्दो रेनफॉल वॉज अ‍ॅव्हरेज, द वॉटर टेबल फेल. धिस डिक्लाइन पॉइंट्स टू इन्क्रीझ्ड पंपिंग. पंपिंग रेकॉर्ड्स, हाउएव्हर, आर नॉट अव्हेलेबल.'

इथे 'हाउएव्हर' वाक्याच्या पोटात ठेवला आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी माणसाला ही जागा चटकन उमगते. आपला 'पण' दोन वाक्यांच्या सांध्यावर बसतो, तर 'मात्र' ज्या शब्दाचा विरोध दाखवायचा त्याच्या लगेच नंतर येतो: 'पहिल्या गटात फरक पडला. दुसऱ्या गटात मात्र पडला नाही.' वाक्याच्या पोटातला 'हाउएव्हर' हेच काम करतो. त्याच्या आधीचा शब्द उजळून निघतो. वाक्यारंभीचा 'हाउएव्हर' अख्ख्या विधानाला वळण देतो. इंग्रजी लेखनशैलीवर पुस्तक लिहिणारे अमेरिकन प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी 1918 साली नियम घातला होता की 'तरीही' या अर्थाचा 'हाउएव्हर' वाक्याच्या आरंभी ठेवू नये. आजच्या संशोधनपत्रिकांत तो आरंभी सर्रास दिसतो, तेव्हा त्या नियमाचे ओझे बाळगू नका. जागा निवडा ती कशाला उठाव द्यायचा ते पाहून.

विरामचिन्हांची चूकही याच शब्दाभोवती सर्वाधिक होते. 'बट' हे उभयान्वयी अव्यय आहे. दोन वाक्यांमध्ये स्वल्पविराम देऊन तो त्यांना जोडू शकतो. 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर' ही इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषणे आहेत. दोन पूर्ण वाक्यांच्या मध्ये ती आली की त्यांच्याआधी अर्धविराम किंवा पूर्णविराम लागतो, आणि नंतर सहसा स्वल्पविराम. मराठीत 'पण', 'परंतु', 'म्हणून' सगळी एकाच खात्यात असल्यामुळे हा भेद आपल्या हातून सुटतो.

मराठीची आणखी एक सवय इंग्रजीत शिरते. 'जरी' म्हटले की 'तरी' आलेच. त्यामुळे 'ऑल्दो रेनफॉल वॉज अ‍ॅव्हरेज, बट द वॉटर टेबल फेल' असे वाक्य अगदी स्वाभाविक वाटते. इंग्रजीला जोडीतला एकच शब्द चालतो: एकतर 'ऑल्दो', नाहीतर 'बट'. 'बिकॉज' आणि पुढे 'सो' या जोडीचेही तसेच. 'डिस्पाइट'नंतर 'ऑफ' येत नाही, 'इन स्पाइट'नंतर येतो. हे पाठच करून टाकावे.

'उलट' या शब्दानेही बराच गोंधळ होतो. 'औषध निरुपयोगी नव्हते; उलट ताप लवकर उतरला' इथे आधीचे म्हणणे खोडून काढले आहे. इंग्रजीत हे 'ऑन द कॉन्ट्ररी'. 'शहरी शाळांत हजेरी वाढली. याउलट ग्रामीण शाळांत घटली' इथे काहीच खोडलेले नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. त्याला 'इन कॉन्ट्रास्ट' हवा. आणि 'औषध स्वस्त आहे. दुसरीकडे त्याचे दुष्परिणाम जास्त आहेत' असे एकाच गोष्टीचे दोन पैलू तोलायचे असतील तेव्हा 'ऑन द अदर हँड'. प्रबंधांत या तिन्ही ठिकाणी 'ऑन द कॉन्ट्ररी' वाचायला मिळतो, आणि तपासणाऱ्याला लेखकाने नेमके काय नाकारले ते शोधत बसावे लागते.

परिणाम सांगणाऱ्या शब्दांत 'कॉन्सिक्वेंटली' आणि 'अ‍ॅज अ रिझल्ट' घटनेतून घटना घडली हे सांगतात, 'देअरफोर' तर्कातून निष्कर्ष निघाला हे सांगतो. 'दस' (thus) या शब्दात 'अशा रीतीने' ही छटा आहे. 'सिन्स' आणि 'व्हाइल' यांना काळाचाही अर्थ असल्यामुळे संदिग्धता येते. एपीए शैली (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपद्धती) ते शब्द काळापुरते ठेवून इतरत्र 'बिकॉज' आणि 'ऑल्दो' किंवा 'व्हेअरअ‍ॅज' वापरायला सांगते, आणि मला ते पटते. 'बिसाइड्स' बोलण्यातला आहे. 'लास्ट बट नॉट लीस्ट' प्रबंधात नकोच.

आता 'किती' या प्रश्नाकडे. भाषाशास्त्रज्ञ मायकल हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी 1976 साली इंग्रजी मजकूर कशाने बांधला जातो याची मांडणी केली, तेव्हा जोडशब्द हा त्यांच्या 5 प्रकारांपैकी एकच प्रकार होता. सर्वनामे व दर्शके, एका शब्दाच्या जागी दुसरा, अध्याहृत शब्द आणि शब्दांची पुनरुक्ती हे बाकीचे. चांगल्या गद्यात या बाकीच्यांवरच जास्त भार असतो. वरच्या दुरुस्तीतला 'धिस डिक्लाइन' पाहा. नुसता 'धिस' लिहिला असता तर तो पावसाकडे बोट दाखवतो की घटीकडे, हे कळले नसते. सोबत नाम आले की आधीचे अख्खे वाक्य दोन शब्दांत गोळा होऊन पुढच्या वाक्याचा कर्ता बनते. नाम निवडताना मतही देता येते: दुसऱ्या संशोधकाच्या विधानाला 'धिस फाइंडिंग' म्हटले तर ते स्वीकारले, 'धिस क्लेम' म्हटले तर अंतर राखले, 'धिस अझम्प्शन' म्हटले तर त्याचा पाया तपासायला घेतला. 'हाउएव्हर' एवढे काही सांगू शकत नाही.

वाक्यातला क्रमही हेच काम करतो. व्हिलेम माथेसियस यांच्यापासून प्राग संप्रदायाच्या भाषाशास्त्रज्ञांनी याचा बारकाईने अभ्यास केला: वाचकाला माहीत असलेले आधी, नवे नंतर. एका वाक्याच्या शेवटी 'पंपिंग' आले आणि पुढचे 'पंपिंग रेकॉर्ड्स'ने सुरू झाले, तर सांधा तिथेच पक्का झाला.

आयईएलटीएस या इंग्रजी प्रावीण्याच्या चाचणीतल्या लेखन परीक्षेत 4 निकष समान वजनाचे आहेत आणि सुसंगती हा त्यांतला एक. जोडशब्दांचा अतिवापर तिथे खालच्या श्रेणीच्या वर्णनात नोंदलेला आहे. सर्वोच्च 9 बँडला अपेक्षा अशी की वाक्यांची बांधणी वाचणाऱ्याच्या लक्षात अगदी क्वचितच यावी.

तुमच्या मसुद्यावर काम करताना एका पानावरचे सगळे जोडशब्द आधी खोडून टाका आणि पान मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे संबंध कोणता आहे तो मराठीत एका शब्दात समासात लिहा: 'तरीही', 'कारण', 'उदाहरणार्थ', 'याउलट'. तो लिहिता आला, तर योग्य इंग्रजी शब्द घाला. लिहिता आला नाही, तर त्या दोन वाक्यांच्या मध्ये एक वाक्य राहून गेले आहे, ते लिहा. जिथे न अडखळता पुढे गेलात, तिथे खोडलेला शब्द परत आणू नका.