मार्शल आर्टमधलं 'कमी ताकद, जास्त परिणाम' हे तत्त्व रोजच्या जगण्यात खरंच वापरता येतं का?

येतं. मी ज्युदोपुरतं सांगतो, कारण तेवढंच माझ्या अंगवळणी पडलंय.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. त्यांचं सूत्र 'सेइर्योकु झेन्यो', म्हणजे अंगात आहे ती ताकद योग्य जागी, लागेल तेवढीच खर्च करायची. मॅटवर याचा अर्थ लगेच कळतो. समोरच्याला थेट उचलायला गेलात की दोन मिनिटांत धाप लागते. आधी त्याचा तोल बिघडवायचा (याला 'कुझुशी' म्हणतात), मग फेकायला फारसा जोर लागतच नाही.

आता घरातला गॅस सिलिंडर घ्या. भरलेला असला की जवळपास 30 किलो. पूर्वी मी तो कवटाळून उचलायचो आणि दोन दिवस कंबर धरून बसायचो. हल्ली वरची कडी धरून थोडा कलता करतो आणि खालच्या कडेवर गोल फिरवत ओट्यापर्यंत नेतो. आमचा सिलिंडरवाला हे कधीपासून करतोय, तेही ज्युदोचा क्लास न लावता!

दुसरं म्हणजे 'उकेमी'. नवख्याला फेकण्याआधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, हाताची जमिनीवर थाप. गेल्या पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो तेव्हा हनुवटी आपोआप आत गेली. कोपर सोलवटलं, डोकं शाबूत राहिलं.

समोरच्याचा जोर त्याच्यावरच उलटवायची युक्ती मात्र घरच्या भांडणात वापरू नका. मी वापरून पाहिली आहे.