तीन आठवडे झाले, वही अजून कोरीच!

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा ४ वर्षांचा आहे, यंदा ज्युनियर केजीला घातलाय. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले पण वहीत एक रेघ नाही, विचारलं की म्हणतो माती खेळलो, मणी ओवले, आज दिंडी काढली. शेजारच्या बिल्डिंगमधली मुलगी दुसऱ्या शाळेत आहे, ती एबीसीडी लिहायलीय. सासूबाई रोज म्हणतात फी कशाची भरायलोय आपण. त्यात आम्ही घरी तेलुगू बोलतो, आणि बाई सांगतात तो वर्गात तोंडच उघडत नाही. शाळा बदलू का?
— एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : अहो, वही कोरी आहे हे वाचून मला तर बरं वाटलं! शाळा बिलकुल बदलू नका.

आपल्या मनगटात ८ छोटी हाडं असतात आणि चार वर्षांच्या पोराच्या मनगटात त्यातली काही अजून हाड झालेलीच नसतात, नुसती कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारखं मऊ लवचिक हाड असतं, त्या हातात पेन्सिल कोंबली की पोरगं मूठ आवळून लिहितं, दोन ओळीत हात दुखतो आणि मग वही बघितली की रडतं. बालवाडीत इतकी वर्षं काढली, हे दरवर्षी बघितलंय. माती मळताना पंजात जोर येतो, भाकरीचं पीठ मळल्यासारखंच की ते. मणी ओवताना जी तीन बोटं लागतात तीच पुढं पेन्सिल धरतात. आणि दिंडी म्हणजे ओळीत चालायचं, टाळाच्या ठेक्यावर पाय टाकायचा, पुढच्याला ढकलायचं नाही, तीन आठवड्यांत वीस-पंचवीस पोरांना हे जमवणं म्हणजे काय असतं ते त्या बाईंना विचारा! सुरुवातीचे दिवस तर रडणं थांबवण्यात, स्वतःचा डबा ओळखण्यात आणि शू आली की सांगण्यातच जातात.

हे काही नवीन फॅड पण नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तिथं आसपास मिळेल त्या वस्तूंनीच मुलं शिकायची. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सुद्धा ३ ते ८ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातूनच शिकवा म्हटलंय.

तेलुगूचं म्हणाल तर घरी तेलुगूच बोला, अगदी बिनधास्त. नवीन भाषेत पोरं आधी नुसती ऐकतात, काही आठवडे, कधी काही महिने सुद्धा, आणि मग एक दिवस एकदम सुरू होतात. तोपर्यंत बाईंना चार शब्द सांगून ठेवा, नीळ्ळु म्हणजे पाणी, आकली म्हणजे भूक (तुमच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी घरं पुष्कळ, तिथल्या बाईंना हे सांगायची गरज पडणार नाही म्हणा). मात्र तो घरी तेलुगूत सुद्धा बोलत नसेल किंवा हाक मारली तरी बघत नसेल तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कान तपासून घ्या.

घरी आल्यावर 'आज काय लिहिलं' विचारू नका, 'आज कुणाशेजारी बसलास' विचारा, बघा किती बोलतो ते. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला द्या, जुना पेपर फाडायला द्या, चिंचोक्यांच्या जोड्या लावायला द्या पण जवळ बसून हं, आमच्या वर्गात एकानं चिंचोका नाकात घातला होता, ती दुपार मी अजून विसरले नाही.

आणि सासूबाईंना चटणीसाठी शेंगा फोडायच्या असतीलच की, नातवाला शेजारी बसवा. टरफलं त्यानं फोडायची, दाणे तोंडात टाकण्याआधी आजीनं काढून घ्यायचे आणि मोजायचे दोघांनी मिळून, तेलुगूत.