ड्रेनेज लाइनमध्ये कॅमेरा घालणार असाल, तर मीटरचा आकडा कुठून मोजला ते आधी पाहा

नमस्कार. तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवले नाही. 1981 सालचा बंगला, वरच्या मजल्यावर कोणी आंघोळ केली की तळमजल्याच्या शौचालयात होणारी गुडगुड, तीनदा बांबू मारून आणि एकदा ॲसिड ओतूनही पंधरा दिवसांत पुन्हा तुंबणारे चेंबर, आणि अंगणातला सेप्टिक टँक वापरात आहे की महापालिकेची लाइन आली तेव्हा बंद केला हे सांगणारे घरात कोणी उरलेले नाही. त्यात आता एकाने कॅमेऱ्याने तपासणी करून देण्याचे साडेपाच हजार रुपये सांगितले आहेत आणि ते द्यावेत का, असे तुम्ही विचारले आहे. टँकचा भाग सोडला तर 2019 साली पुण्यात आमच्या घरी नेमके हेच झाले होते.

मी अभियंता नाही आणि प्लंबिंग हा माझा व्यवसायही नाही; त्या एका वर्षात जे भोगले आणि त्यानंतर ओळखीच्या चार-पाच घरी उभे राहून जे पाहिले, तेवढ्याच आधारावर लिहितो आहे. गल्ली ट्रॅप (सांडपाण्याच्या तोंडाशी दुर्गंधी अडवणारा पाण्याचा सापळा), चेंबरची झाकणे, हवेचा पाइप या गोष्टी तुम्ही पाहिल्या असतील असे धरतो. माझे स्पष्ट मत असे आहे की पैसे द्यावेत, पण चित्र पाहण्यासाठी नव्हे, तर जागा निश्चित करण्यासाठी द्यावेत. पाइप फुटला आहे हे पडद्यावर दिसणे सोपे असते. तो जमिनीत नेमका कोणत्या ठिकाणी फुटला आहे हे ठरवणे अवघड असते, आणि आमची चूक तिथेच झाली.

आमची लाइन जुन्या पद्धतीची, चिनी मातीच्या चार इंची पाइपांची होती. हे पाइप दोन-अडीच फुटांचे असतात, त्यामुळे पंधरा मीटरच्या लाइनमध्येसुद्धा वीस-पंचवीस सांधे येतात, आणि प्रत्येक सांधा तागाची दोरी व सिमेंट भरून बंद केलेला असतो. मे महिन्याच्या मध्यावर आम्ही कॅमेरावाल्याला बोलावले. त्याने गल्लीतल्या चेंबरमधून घराच्या दिशेने कॅमेरा आत सरकवला. पडद्यावर दर दोन फुटांनी सांध्याचे कडे येत होते आणि मागे जात होते. मग एका ठिकाणी पाइपाचा वरचा भाग खाली बसलेला दिसला, त्यातून मुरूम आत आलेला होता आणि त्यापुढे कॅमेरा जाईना. पडद्याच्या कोपऱ्यात, केबल किती मीटर सुटली ते दाखवणारा, 14.2 हा आकडा होता. चेंबरपासून आमच्या कुंपणाच्या भिंतीपर्यंत 11.5 मीटर अंतर आहे. म्हणजे बिघाड भिंतीच्या आत पावणेतीन मीटरवर, पोर्चच्या खाली, असा हिशेब आम्ही केला, आणि तो हिशेब इतका सरळ होता की त्यावर कोणी शंका घेतली नाही.

दुसऱ्याच आठवड्यात पोर्चची शहाबादी फरशी उचकटली आणि साडेतीन फूट खोल खणले. खाली पाइप सापडला तेव्हा तो तपकिरी, चकाकता, एकही तडा नसलेला होता. खणणाऱ्या दादांनी पहारीच्या मागच्या टोकाने त्यावर हलकेच टकटक केले, तर मडके वाजावे तसा खणखणीत आवाज आला. मला वाटले की मोजण्यात थोडी चूक झाली असेल, म्हणून दोन्ही बाजूंना आणखी एकेक मीटर खणायला लावले. तिथेही पाइप शाबूत. खोदाई, फरशी आणि भराव मिळून बासष्ट हजार रुपये गेले.

नंतर ज्याला बोलावले, त्या दुसऱ्या माणसाने येताच आधीच्याने रीळ कुठे ठेवले होते हे विचारले. ते सावलीसाठी झाडाखाली, चेंबरपासून लांब ठेवले होते. केबल रिळातून सुटल्याबरोबर मीटर सुरू झाला होता आणि पाइपाच्या तोंडाशी पोचेपर्यंतची जमिनीवरची व चेंबरच्या खोलीची केबल त्या आकड्यात धरली गेली होती. ते अंतर आम्ही टेपने मोजले तेव्हा 3.8 मीटर भरले. 14.2 मधून ते वजा केले की 10.4 उरतात, म्हणजे बिघाड भिंतीच्या आत नव्हताच, तो बाहेर गल्लीत होता. या माणसाने रीळ चेंबरच्या काठाशी आणले, कॅमेऱ्याचे डोके पाइपाच्या तोंडाशी टेकवले, तिथे केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळली आणि मग मीटर शून्यावर आणला. त्यावरही तो थांबला नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यामागे एक छोटा ट्रान्समीटर असतो. त्याची 512 हर्ट्झची लहर मातीतून, एवढेच काय बिडाच्या पाइपातूनही वर येते, आणि हातातला लोकेटर घेऊन जमिनीवर फिरले की ती जागा मिळते. त्याने भिंतीच्या बाहेर एक मीटरवर फक्कीने फुली काढली. फुली नेमकी त्या पट्ट्यावर आली, जिथे आदल्या वर्षी केबल टाकण्यासाठी चर खणून पुन्हा भरला होता.

पैशांपेक्षा मोठे नुकसान वेळेचे झाले. पोर्च खणण्यात आणि दुसरा माणूस मिळवण्यात मे महिना संपला, आणि पावसाळ्यात रस्ता खोदण्याची परवानगी आम्हाला मिळाली नाही. त्यामुळे जूनपासून चार महिने तळमजल्याचे शौचालय बंद ठेवावे लागले. माझी आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि तिचे दोन्ही गुडघे गेलेले होते. वरच्या मजल्यावर जायला सतरा पायऱ्या आहेत. रात्री दोनदा तिला हाताला धरून वर न्यायचे आणि खाली आणायचे हे आम्ही चार महिने केले; ती पाणी पिणेच कमी करू लागली आहे हे माझ्या लक्षात यायला महिना गेला. तो आकडा तपासायला मला दोन मिनिटे लागली असती, हे मी अजूनही विसरलेलो नाही.

रस्ता खोदण्याच्या परवानगीसाठी ज्या कार्यालयाशी आमचा संबंध आला त्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण तिथली माणसे बदलली आहेत आणि तक्रार आता कोणा एकाविरुद्ध उरलेली नाही. तरीही जे घडले ते सांगतो. पहिल्या भेटीत सांगितले की दोष तुमच्या हद्दीत आहे. फक्कीची फुली दाखवणारे छायाचित्र नेले तेव्हा सांगितले की व्हिडिओवर तारीख नाही, चेंबर कोणते ते कळत नाही, हा व्हिडिओ कोणत्याही घराचा असू शकतो. तिसऱ्यांदा मूळ बांधकामाचा नकाशा मागितला. चौथ्यांदा गल्ली सार्वजनिक रस्ता म्हणून ताब्यात घेतलेली आहे की नाही ते पाहावे लागेल असे कळले. पाचव्यांदा पावसाळ्यानंतर या, असे उत्तर मिळाले. पाच भेटींत एकही जण येऊन चेंबरचे झाकण उचलून पाहायला तयार झाला नाही, आणि त्या कामाला वीस मिनिटे लागली असती. ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली, पण खर्च आमचाच. प्रत्यक्ष काम दीड दिवसात झाले. मला याचा राग होता आणि आहे. तरीही हे मान्य करतो की व्हिडिओबद्दलची त्यांची हरकत चुकीची नव्हती: आमच्याकडे होती ती मोबाइलने पडद्यावरून काढलेली चाळीस सेकंदांची क्लिप.

म्हणून तुमच्या तपासणीच्या दिवशी तुम्ही स्वतः शेजारी उभे राहा. कॅमेरा आत घालण्यापूर्वी त्या माणसाला तारीख, कोणते चेंबर, प्रवाहाच्या दिशेने की उलट, आणि पाइप कशाचा आहे, हे मोठ्याने बोलायला सांगा, म्हणजे ते मूळ फाइलमध्ये नोंदले जाईल. त्याच्या यंत्रात आवाज नोंदवण्याची सोय नसेल, तर पाटीवर लिहून ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरा. मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या; व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलमध्ये सांध्यातला तडा आणि शेवाळाची रेघ यांतला फरक कळत नाही. लोकेटर नसलेल्या माणसाला मी बोलावणार नाही, मग तो दोन हजारांनी स्वस्त असला तरी. आणि जो दुरुस्तीचे कंत्राट दिल्यास कॅमेरा फुकट फिरवतो असे म्हणतो, त्याच्याकडून तपासणी करून घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. तपासणाऱ्याला दोष सापडण्यात स्वतःचा लाभ दिसता कामा नये. यावर इथले काही सदस्य सहमत होणार नाहीत, हे मला माहीत आहे.

तुंबलेल्या लाइनमध्ये कॅमेरा घातल्यास गढूळ पाण्याशिवाय काही दिसत नाही, त्यामुळे आधी जेटिंग करून, म्हणजे दाबाने पाणी मारून, लाइन मोकळी करावी लागते. मात्र पाइप जुना असल्यास जेटचा दाब बेताचा ठेवायला सांगा, कारण फुटक्या जागेतून जोराचे पाणी बाहेर गेले तर भोवतीची माती वाहून पोकळी होते. कॅमेरा आत असताना वरच्या मजल्याचा एक नळ बारीक सोडून ठेवा आणि थोड्या वेळाने बंद करा. चार इंची लाइनला साधारण चाळीसास एक, म्हणजे मीटरला अडीच सेंटिमीटर उतार असावा लागतो, पण कॅमेरा उतार मोजत नाही. नळ बंद केल्यावरही ज्या भागात पाणी उभे राहते, तिथे लाइन खचली आहे असे समजावे. गुडगुड आणि पंधरा दिवसांनी परत तुंबणे या दोन खुणांवरून तुमच्याकडे असा खचलेला भाग किंवा सांध्यातून शिरलेली मुळे असावीत असा माझा अंदाज आहे, पण तो दुरून केलेला अंदाजच समजा. कुंपणाजवळ उंबर, पिंपळ किंवा वड असल्यास मुळांची शक्यता वाढते. ॲसिडने यातले काहीच बरे होत नाही, आणि नंतर चेंबर उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर ते उडू शकते; ते कृपया पुन्हा ओतू नका.

आता टँकबद्दल. घराजवळच्या चेंबरमधून कॅमेरा पुढे सरकवल्यावर पाइप संपून तो मोठ्या अंधाऱ्या पोकळीत, उभ्या पाण्यावर आला, तर टँक अजून लाइनमध्ये आहे. तो सरळ पुढच्या चेंबरमध्ये निघाला, तर टँक वगळलेला आहे. खात्रीसाठी शौचालयात रंगीत पाणी ओतून ते कुठे निघते ते पाहावे. टँक वापरात असेल, तर आतले पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाच्या पातळीला असायला हवे. त्याच्या बरेच वर असेल तर पुढची लाइन किंवा शोषखड्डा तुंबला आहे, आणि बरेच खाली असेल तर टँक गळतो आहे. उपसा झाल्यावर त्याच पाइपातून पाणी उलटे आत येऊ लागले, तर शोषखड्डा भरला आहे हे नक्की. तळाशी गाळ किती साचला आहे हे मात्र कॅमेरा सांगत नाही. त्यासाठी लांब काठीच लागते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर दोन-तीन वर्षांनी उपसा व्हायला हवा. आपल्याकडे वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी वेळापत्रकानुसार घरोघरचे टँक उपसण्याची पद्धत सुरू केली, आणि ती सगळीकडे यावी असे मला मनापासून वाटते.

इथे एक गोष्ट अत्यंत गांभीर्याने लिहितो. आमच्याकडे एका कंत्राटदाराने सांगितले होते की कॅमेऱ्याचा खर्च कशाला, मुलगा आत उतरून दोन मिनिटांत पाहून येईल. कोणत्याही परिस्थितीत, कोणालाही, टँकमध्ये किंवा खोल चेंबरमध्ये उतरू देऊ नका. आतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असला तर वास घेण्याची शक्तीच बधिर होते आणि माणसाला वर येण्याचा अवधी मिळत नाही. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. 2013 च्या कायद्याने माणसाकडून असे धोकादायक सफाईचे काम करून घेणे हा गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण कायद्याचे भय बाजूला ठेवले तरी, ज्या कामासाठी आज काठीच्या टोकाला कॅमेरा बांधून वरून आत सोडता येतो, त्यासाठी कोणाचा जीव धोक्यात घालणे मला सहन होत नाही. टँकचे झाकण काढून बराच वेळ मोकळे ठेवा, जवळ विडी-काडी पेटू देऊ नका, आणि स्वतःही त्यावर वाकून पाहू नका.

कॅमेरावाला येण्याआधी एवढे करा: टेप घेऊन प्रत्येक चेंबरपासून पुढच्या चेंबरपर्यंत, कुंपणाच्या भिंतीपर्यंत आणि पोर्चच्या कडेपर्यंतची अंतरे मोजून एका कागदावर काढा, चेंबरची खोलीही लिहा, आणि तो कागद त्याच्या हातात देण्याआधी त्याचे छायाचित्र घ्या. फाइल मिळाल्यावर आकड्यांसह इथे टाकलीत, तर मी तुमच्या कागदाशी ताडून पाहीन.