बरं वाटतंय, पण परत आलं तर?

“औषधं चालू आहेत, झोप लागते, ऑफिसलाही जाते. पण नैराश्य परत आलं तर?” कोथरूडहून येणाऱ्या, पंचेचाळिशीतल्या एका बाईंचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तीनदा हे दुखणं काढलेलं, म्हणजे भीती काही उगाच नव्हती.

घात होत होता तो सकाळी. डोळे उघडले की पहिलं काम स्वतःला तपासायचं: आज उदास वाटतंय का? जरा जड वाटलं की “झालं, सुरू झालं”, मग “माझंच चुकतं”, आणि तासभर तेच दळण. झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच हेरलं. नैराश्य येऊन गेलेल्या माणसात साधी उदासीही जुन्या विचारांना जागं करते. म्हणून त्यांनी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांची विचार तपासण्याची उपचारपद्धती आणि बौद्ध परंपरेतलं सजगतेचं ध्यान (आत्ता मनात-अंगात जे चाललंय ते नुसतं पाहणं) एकत्र आणून आठ आठवड्यांचा कार्यक्रम बांधला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत तीन किंवा अधिक वेळा नैराश्य आलेल्यांना फायदा झाला, दोनदाच आलेल्यांत तो दिसला नाही. ‘किती वेळा आलं?’ हे आधी विचारायचं ते यासाठी.

बाईंना याच कार्यक्रमातला तीन मिनिटांचा सराव दिला. खुर्चीत ताठ बसायचं, पाठ टेकायची नाही, पावलं जमिनीवर. पहिलं मिनिट: मनात काय चाललंय, अंगात कुठे ताण आहे, ते फक्त ओळखायचं. दुसरं: पोटाशी श्वास. तिसरं: लक्ष सगळ्या शरीरावर पसरू द्यायचं. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी.

आठवड्याभराने तक्रार आली: “केलं, पण उदासी जात नाही.” बहुतेकांचं इथेच अडतं. उदासी घालवायला बसलं की डोळे मिटूनही तीच तपासणी सुरू राहते. मग वहीतलं ‘मी निकामी आहे’ हे वाक्य बदलून “मी निकामी आहे, असा विचार आला” असं लिहायला सांगितलं. त्याच्याशी वाद घालायचा नाही. पुरावे मांडून विचार तपासणं उपयोगाचंच आहे, पण ते मन जरा निवल्यावर. ऐन भरात तोही दळणाचाच भाग होतो.

शेवटच्या आठवड्यांत त्यांनी स्वतःच्या खुणा लिहून काढल्या: पहाटे चारला जाग, बहिणीचा फोन न उचलणं, भाजी निवडायचाही कंटाळा. खुणा दिसल्या की आधी तीन मिनिटं, मग एक छोटं काम, मग बहिणीला फोन. दोन आठवडे टिकल्या तर मानसोपचारतज्ज्ञ. जीव द्यावासा वाटला तर त्याच दिवशी. औषध मनाने बंद करायचं नाही.

पुण्यात पुढचा प्रश्न हमखास येतो: “त्यापेक्षा मरकळच्या केंद्रात विपश्यनेचे दहा दिवस करू का?” नैराश्य जोरात असताना नको. तिथे रोज दहा तासांच्या आसपास बसणं आणि मौन असतं, जुने विचार उसळले तर ते पेलण्याइतकी ताकद हवी. बरं असताना जायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि अर्जात आजार व औषधं न लपवता.