वाटाघाटीला बसण्याआधी तक्ता मांड

प्रिय विद्यार्थिनीस,
अ. उ. आ.

भारत-बांगलादेश पाणीवाटपावरच्या बिगरसरकारी संवादासाठी तुझी निवड झाली, हे वाचून फार आनंद झाला. तयारीसाठी काय वाचू, असं तू विचारलंस. सगळ्यात आधी १२ डिसेंबर १९९६ चा गंगा पाणीवाटप करार वाच. बारा कलमं आणि दोन परिशिष्टं, एका बैठकीत संपतो. मुदत ३० वर्षांची, त्यामुळे ‘पुढे काय?’ हाच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असणार.

पहिल्या परिशिष्टातली वाटणी मात्र नुसती वाचू नकोस, वहीत मांड. १ जानेवारी ते ३१ मे हा काळ दहा-दहा दिवसांच्या टप्प्यांत विभागलाय. फरक्क्याला, म्हणजे पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्यापाशी, ७०,००० क्युसेक (घनफूट प्रतिसेकंद) किंवा त्याहून कमी पाणी असेल तर निम्मं-निम्मं. ७०,००० ते ७५,००० असेल तर बांगलादेशाला ३५,०००, उरलेलं भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४०,०००, उरलेलं त्यांना. इथपर्यंत सगळे वाचतात. खरी मेख त्याखालच्या अटीत आहे. ११ मार्च ते १० मे या सहा टप्प्यांत दोन्ही देशांना आळीपाळीने, प्रत्येकी तीनदा, ३५,००० ची हमी आहे.

समजा, लागोपाठच्या दोन टप्प्यांत प्रवाह ५८,००० आहे. निम्म्याच्या हिशेबाने प्रत्येकी २९,००० झाले असते. अटीमुळे पहिल्या टप्प्यात एकाला ३५,००० आणि दुसऱ्याला २३,००० मिळतात, पुढच्या टप्प्यात उलट. दोन्ही मिळून हिशेब बरोबर बसतो. पण कुणी एकाच टप्प्यातला २३,००० चा आकडा उचलून ‘आमचं पाणी चोरलं’ असं भाषण ठोकलं, की दोन्हीकडे आग लागते. ही चूक दोन्ही देशांत होते. म्हणून कुठलाही आकडा समोर आला की विचार: कोणता टप्पा, हमीची पाळी कुणाची आणि मोजला कुठे?

‘मोजला कुठे’ हा प्रश्न सोडू नकोस. संयुक्त पथकं फरक्का बराजच्या (बंधाऱ्याच्या) खाली, हुगळीकडे पाणी नेणाऱ्या फीडर कालव्यात आणि जहाजांच्या लॉकपाशी (ये-जा करण्याच्या दारापाशी) रोज मोजणी करतात. बांगलादेशात हार्डिंग पुलापाशी वेगळी मोजणी होते. फरक्क्याला सोडलेलं पाणी तिथे पोचायला वेळ लागतो, वाटेत महानंदाही मिळते. त्यामुळे एकाच तारखेचे दोन आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्यातून लबाडी सिद्ध होत नाही. एककाकडेही लक्ष ठेव. कुणी क्युसेकमध्ये बोलतं, कुणी घनमीटर प्रतिसेकंदात. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. तुझ्या टिपणात दोन्ही रकाने हवेत.

प्रवाह ५०,००० च्या खाली गेला तर काय, याचं ठरावीक सूत्र करारात नाही. दोन्ही सरकारांनी तातडीने सल्लामसलत करावी, एवढंच आहे. माझ्या मते नव्या मसुद्यात सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायला हवी, कारण कोरड्या वर्षी भांडण नेमकं इथूनच पेटतं. किती दिवसांत बैठक, कोणत्या पातळीवर, आणि तोपर्यंत कोणतं प्रमाण लागू, या तीन प्रश्नांची उत्तरं तुझ्या प्रस्तावात आकड्यांसकट असू देत.

समोरच्यांच्या घरातलं राजकारण समजून घे, तसं आपल्या घरातलंही. सप्टेंबर २०११ मध्ये तिस्ता या दोन्ही देशांतून वाहणाऱ्या नदीचा पाणीवाटप करार शेवटच्या क्षणी अडला, कारण पश्चिम बंगाल सरकारला तो मान्य नव्हता. परराष्ट्र करार केंद्राचा विषय, पण पाणी राज्याच्या सूचीत. १९९६ च्या करारात पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंचा सहभाग होता, हा फरक लक्षात घे. बांगलादेशाबरोबरच्या भू-सीमा कराराचंही तेच: सही १९७४ ची, पण भूभाग देण्यासाठी घटनादुरुस्ती लागत असल्याने अंमल २०१५ मध्ये, शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर झाला. तेव्हा ‘तुमचं सरकार शब्द का पाळत नाही?’ असं कुणी विचारलं तर चिडू नकोस. कुठली पायरी अडली आहे ते सांग. त्यांनाही त्यांच्या बाजूची पायरी विचार.

१९७१ च्या उपकारांची आठवण पाण्याच्या बैठकीत काढू नकोस. समोरचा शेतकऱ्यांच्या विहिरींबद्दल बोलत असताना ते ऐकणं त्याला अपमानास्पद वाटतं, आणि ते रास्तच आहे. करारात नदीचं नाव गंगा असलं तरी ते पद्मा म्हणतील. त्यांना दुरुस्त करत बसू नकोस.

बैठक चॅटम हाउस नियमाने चालली, तर ऐकलेला मुद्दा बाहेर वापरता येतो, पण तो कुणाचा हे सांगता येत नाही. समाजमाध्यमांवर फोटो टाकतानाही हे लक्षात ठेव. इतिवृत्त त्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंनी एकत्र बसून लिहा. ‘चर्चा झाली’, ‘नोंद घेतली’ आणि ‘सहमती झाली’ ही तीन वेगळी विधानं आहेत. घाईत तिसरं लिहिलं गेलं की पुढच्या बैठकीचा पहिला तास ते मागे घेण्यात जातो. इंग्रजी मसुदा पक्का झाला की बांगला अनुवाद त्यांच्यापैकी कुणाकडून तरी तपासून घे.

सध्या एवढंच कर: एका उन्हाळ्याचे सहा टप्पे घे, हमीची पाळी लिही आणि प्रवाह ४८,०००, ५८,००० व ७२,००० धरून तीन तक्ते मांड. ४८,००० च्या तक्त्यात हात अडेल, तिथे तुला सुचेल ती तरतूद लिही आणि मला पाठव.

तुझा हितचिंतक