शनिवार-रविवारी हिंगोली जिल्ह्याला वादळी पावसाचा ‘यलो अलर्ट’ आहे आणि शिजवलेली हळद खळ्यावर वाळत आहे. पाऊस नक्की पडेल का?

तुमच्याच खळ्यावर पडेल की नाही, हे आज कोणीही सांगू शकणार नाही. मात्र शनिवारी दुपारी हळद उघडी ठेवू नये, एवढे या इशाऱ्यावरून निश्चित ठरवता येते. मी स्वतः हळद पिकवतो आणि हंगामात हवामान विभागाची पत्रके नेमाने वाचतो. माझ्या मते, पत्रकातील रंगापेक्षा त्याशेजारचे शब्द अधिक उपयोगाचे असतात.

पिवळा रंग म्हणजे ‘लक्ष ठेवा’, नारिंगी म्हणजे ‘तयारीत राहा’. हा रंग घटनेची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम यांचा एकत्र विचार करून दिला जातो, त्यामुळे पिवळ्याचा अर्थ ‘किरकोळ’ असा घेऊ नये. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दप्रयोग तर अनेकांना पळवाट वाटतो, परंतु त्याला ठरलेले माप आहे: त्या विभागातील पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस अपेक्षित असतो, तर ‘काही ठिकाणी’ म्हटले की ते प्रमाण पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. वळवाचा ढग काही किलोमीटर रुंदीचाच असल्याने वसमतला झोडपून काढणारा पाऊस शेजारच्या गावात धूळही बसवत नाही, आणि तरीही अंदाज बरोबरच ठरतो.

असे ढग दुपारनंतरच का उभे राहतात, हे समजले की कामाची वेळ ठरवणे सोपे जाते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यापासून दक्षिणेकडे कर्नाटकाच्या अंतर्भागापर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा अनेकदा तयार होतो आणि समुद्रावरील बाष्प त्याच्याकडे ओढले जाते. दिवसभर तापलेली जमीन ही दमट हवा वर ढकलते, वरच्या थरात हवा थंड असली तर ढग तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो, आणि त्यातून पावसाबरोबर खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर सोसाट्याच्या वाऱ्याच्या रूपाने पसरते. म्हणून सकाळी निरभ्र आकाश पाहून निर्धास्त होऊ नये. पत्रकातला दिवस सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत मोजला जातो, म्हणजे रविवारी पहाटे दोनला आलेले वादळ ‘शनिवारच्या’ इशाऱ्यातच मोडते.

शनिवारी सकाळी हळद नेहमीप्रमाणे पसरावी, दुपारी दोनच्या सुमारास मात्र ढीग करून ताडपत्री घालावी. पत्रकात ताशी ४० ते ५० किलोमीटर वाऱ्याचा उल्लेख असेल, तर कडेला चार दगड ठेवून भागत नाही. कडा ढिगाखाली दाबून वरून दोर आवळावा. खळ्याच्या उताराकडे लहानशी चरी काढली नाही, तर पाणी खालून शिरते आणि वरची ताडपत्री असून नसल्यासारखी होते. सकाळी ती लवकर काढावी, कारण आत वाफ धरली की हळकुंडांना बुरशी लागते आणि त्यांचा रंग जातो.

दुपारनंतर जिल्ह्याचा अंदाज बाजूला ठेवून पुढील तीन तासांपुरता दिला जाणारा तात्काळ इशारा पाहावा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲपही मोबाईलमध्ये असू द्यावे. आपल्यापासून वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना ते देते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे असे समजावे. अशा वेळी ताडपत्री उडाली तरी मजुरांना खळ्यावर पाठवू नये, झाडाखालीही थांबू देऊ नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास सर्वांनी पक्क्या घरातच थांबावे. भिजलेली हळद पुन्हा वाळवता येते, दर थोडा पडतो इतकेच.

रविवारचा निर्णय आजच घेऊ नका. शनिवारी दुपारी नवे पत्रक निघेल. त्यात जिल्ह्याचा रंग नारिंगी झालेला दिसला, तर नवी हळद शिजवायला घेणे सोमवारपर्यंत पुढे ढकला.