आईचं 10 लाखांचं खातं आणि गोव्यातली जुनी बोट

मालवणजवळच्या देवबागच्या एका वाचकाने लिहिलंय: वय 36, चार खोल्यांचं घरचं होमस्टे, शिवाय पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला आउटबोर्ड इंजिनची एक होडी. गोव्यात 2006 सालची 21 फुटी वेकबोर्ड बोट विकायला आहे, मालक 15 लाख सांगतो. तिच्यावर आणखी 3 लाख 20 हजार खर्च करून ती वेकसर्फिंगसाठी (बोटीने उठवलेल्या लाटेवर फळी घेऊन उभं राहायचा खेळ) तयार करायची आणि कर्ली नदीत पर्यटकांना 20 मिनिटांचे 2500 रुपये लावायचे, असा बेत. पैसे दोन ठिकाणचे: स्वतःची 9 लाखांची एफडी, आणि आईच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत असलेले 10 लाख. ते खातं मोडावं का, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

खातं मोडू नका. एफडीबद्दल पुढे बोलू, तिथे मी एवढा ठाम नाही.

आधी तुमचं कौतुक, कारण बोट तुम्ही अभ्यास करून निवडली आहे. ती व्ही-ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिन अगदी मागे आणि पंखा तळाखाली आत. वेकसर्फिंग करणारा माणूस दोरी सोडून बोटीच्या मागे आठ-दहा फुटांवर लाटेवर उभा असतो, त्यामुळे ज्या बोटीचा पंखा मागे उघडा फिरतो तिच्यामागे हा खेळ करूच नये. म्हणजे तुमची आत्ताची होडी यात बाद, आणि हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. वजनासाठी पाणी भरायच्या बॅगा, पंप, बोटीच्या कडेला सक्शनने चिकटून लाटेला आकार देणारा वेक शेपर, कमी पिचचा पंखा, जादा बॅटरी ही यादीही बरोबर आहे. वेकबोर्डला, म्हणजे दोरी धरून बोटीमागे फळीवरून जायला, ताशी 30 ते 38 किलोमीटरचा वेग लागतो आणि लाट दोन्ही बाजूंना सारखी हवी असते. वेकसर्फिंग 16 ते 19 च्या वेगाने होतं. तिथे बोटीचा मागचा भाग पाण्यात खोल बसवून एकाच बाजूची लाट उंच आणि स्वच्छ करायची असते. जुन्या बोटीत हे काम वजनाने होतं, नव्यांमध्ये मागे हलणाऱ्या फळ्या येतात. वेक शेपर त्या फळ्यांचा गरिबाघरचा भाऊ, आणि काम चोख करतो.

यादी बरोबर आहे, पण ती गोड्या पाण्याची आहे. हा खेळ अमेरिकेतल्या तळ्यांवर वाढला आणि या बोटी तिथल्याच पाण्यासाठी बनल्या. त्यांतल्या बहुतेक बोटींची इंजिनं बाहेरचं पाणी आत ओढून थंड होतात. देवबागला ते पाणी खारं. ते इंजिनच्या ब्लॉकमधून आणि धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधून रोज फिरणार. त्याला उपाय आहे: इंजिनात कूलंट फिरवायचं आणि खाऱ्या पाण्याने ते कूलंट बाहेरच्या बाहेर थंड करायचं, तसा संच बसवून मिळतो. मागवायचा खर्च, शुल्क आणि मजुरी धरून मी त्याला अडीच लाख धरतो. तुमच्या यादीत तो नाही. आता जमाखर्च मांडा. 19 लाखांतून आईचं खातं दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी मोडल्याची एक टक्का कपात, म्हणजे 10 हजार, वजा करा. मग बोट आणि तयारीचे 18 लाख 20 हजार. उरले 70 हजार. त्यात अडीच लाखांचा संच बसत नाही. ट्रेलरचं भाडं अजून धरलेलंच नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चुलतभावाबरोबर मीही एकदा जुन्या बोटीत पैसे घातले होते, अशाच इंजिनच्या. विकणाऱ्याने सुरू करून दाखवली, आवाज असा की वाटलं कालच खोक्यातून काढलीय. फेब्रुवारीत मेकॅनिकने डिपस्टिक ओढून माझ्यापुढे धरली. तिच्यावर तेल नव्हतं, दुधाचा चहा होता. मॅनिफोल्ड आतून गंजून पाणी सिलिंडरमधून तेलात उतरलेलं. सुटे भाग येईपर्यंत शिमगा झाला, मे उजाडला आणि हंगाम गेला. त्या बोटीचा हिशोब मी अजून बायकोला पूर्ण सांगितलेला नाही.

म्हणून मालक 780 तास चाललेलं इंजिन म्हणतो तेव्हा विचारायचा प्रश्न असा की ते 780 तास कोणत्या पाण्यातले.

आता उत्पन्न. तुमच्या वहीत 150 दिवस, दिवसाला 8 फेऱ्या, म्हणजे वर्षाला 30 लाख. आकडा वाचून मीही क्षणभर खुर्चीत सरसावून बसलो. पण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद, होड्या शाकारलेल्या, ते तुम्हाला मी सांगायला नको. उरलेल्या नऊ महिन्यांत गर्दी कधी असते? शनिवार-रविवार, दिवाळीचा आठवडा, नाताळ ते एक जानेवारी, मे. मी सढळ हाताने 110 दिवस धरतो. वेकसर्फिंगला पाणी काचेसारखं लागतं. आपल्याकडे दुपार झाली की खारा वारा सुटतो आणि नदीवरही खळबळ होते, म्हणजे खरा धंदा सकाळी सात ते अकरा. त्या चार तासांत भरती हवी. सुकतीला कर्लीच्या मुखाजवळचे वाळूचे पट्टे कुठे वर येतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एका शनिवारी सकाळी पाणी भरपूर असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी बोट वाळूला लागायची.

त्यात ही बोट भरलेली. मागे दोन बॅगा 350-350 किलोच्या, पुढे एक 200 ची, एकूण 900 किलो पाणी. म्हणजे सत्तर किलोचे तेरा गडी बोटीत कायमचे बसलेले, आणि त्यांचं तिकीट नाही. एवढ्याने बोट तीन-चार इंच आणखी खाली जाते, आणि लाटेच्या बाजूला कलंडल्यावर त्या कडेला त्याहून जास्त. पंखा आणि सुकाणू तळाखाली असल्यामुळे पहिला फटका त्यांनाच बसतो. लाट नीट उठायलाही खाली निदान दहा फूट पाणी हवं. पंप मिनिटाला 50 लिटर ओढत असेल तर एक बॅग भरायला सात मिनिटं जातात. वाळू ओलांडताना रिकामी करा, पुढे जाऊन परत भरा. तेवढा वेळ गिऱ्हाईक घड्याळ बघत बसणार.

हे सगळं धरून मी 70 दिवस आणि दिवसाला 5 फेऱ्या मानतो. जमा 8 लाख 75 हजार. भरलेल्या व्ही-8 इंजिनला तासाला 20 लिटर पेट्रोल धरलं आणि तासाला दोनच फेऱ्या नीट होतात असं मानलं, तर एका फेरीला जवळपास हजाराचं पेट्रोल, एकूण साडेतीन लाख. तांडेल आणि मागे नजर ठेवणारा एक पोहणारा मुलगा, दोघांचे मिळून महिन्याला 45 हजार, आठ महिने: 3 लाख 60 हजार. विमा, सागरी मंडळाची नोंदणी आणि तपासणी, ऑइल, झिंक, पंपाचे इम्पेलर आणि मॅनिफोल्डसाठी बाजूला टाकायचे पैसे मिळून दीड लाख. खर्च 8 लाख 60 हजार. वर्षाला हातात 15 हजार. यात हॉटेलवाल्यांचं कमिशन धरलेलं नाही.

आईच्या खात्याला आज 8.2 टक्के मिळतात. 10 लाखांवर तिमाहीला 20,500, वर्षाला 82 हजार. त्यासाठी तिला वाळूचा पट्टा बघावा लागत नाही. शिवाय ते पैसे तिचे आहेत, तुमचे नव्हेत. तुमच्या पत्रात तिचं मत एका ओळीतही आलेलं नाही, ते मला खटकलं.

मी फेऱ्या कमी धरल्या असं तुम्ही म्हणाल. असेल. पण तुमच्याकडे येणारा बहुतेक पर्यटक पुण्या-कोल्हापूरचा, पोहता न येणारा, पॅरासेलिंगला जायचं म्हणून निघालेला. वेकसर्फिंगच्या पहिल्या 20 मिनिटांत तो पाण्यात पडतो, उठतो, परत पडतो. त्याला मजा येते, पण दुसरी फेरी घेईलच असं नाही. पुन्हा पुन्हा येणारं गिऱ्हाईक म्हणजे शिकायला आलेला, आणि तो तीन दिवस राहतो. तुमचा खरा फायदा तिथे आहे. फेरीत उरतात ते चाळीस-पन्नास रुपये, खोलीत मात्र रात्रीला भरघोस उरतं. पत्रात खोल्यांचा उल्लेख एकदाच, तोही ओळख करून देताना, याचं मला नवल वाटलं.

म्हणून एफडीला हात लावायचाच असेल तर असा लावा. गोव्याच्या मालकाला विचारा, 20 डिसेंबरपासून पंधरा दिवस बोट भाड्याने देतोस का, चालवणारा तुझा, पेट्रोल आमचं. बोट विकली जात नाहीये, म्हणजे तोही ऐकेल. कागदपत्रं आणि परवानगी दोघांनी मिळून आधी बघायची, कारण गोव्याची नोंदणी इथे धंद्याला चालेल असं गृहीत धरू नका. तीन दिवस राहणं, जेवण आणि रोज सकाळी लाट, असं पॅकेज लावा. दीड-दोन लाखांत हा प्रयोग होईल. किती जणांनी दुसऱ्या दिवशी परत दोरी धरली, ते वहीत लिहा.

प्रयोगानंतरही बोट घ्यावीशी वाटली तर एफडीच्या 9 लाखांच्या वर जाऊ नका, आणि त्यातही तीन लाख घरखर्चाला बाजूला राहिले पाहिजेत. म्हणजे पूर्ण रक्कम तुमच्याकडे नाहीच, एखादा भागीदार लागेल. सौद्याआधी स्वतःचा मेकॅनिक न्या, डिपस्टिक बघा, कॉम्प्रेशन मोजायला लावा आणि बॅगा भरून पूर्ण रेसवर पळवून बघा. विमा कंपनीला बॅगांचं वजन लेखी कळवा. तपासणीत ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरून कोणी बुडालं तर दावा कोण देणार? भरलेली बोट एकदम थांबवली की नाक खाली जातं आणि पुढून पाणी आत येतं, तांडेलला हे आधी शिकवा. बोट नुसती उभी ठेवून इंजिन चालू असताना मागे कोणी बसायचं नाही, तिथे धूर साचतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही.

आणखी एक, पैशांचं नाही पण पैशांवर येणारं. ही लाट मोठी असते आणि काठावर जाऊन आपटते. सुकतीला खुबे काढणाऱ्या बायका, जाळी लावून बसलेले आणि रापण ओढणारे तुमचेच शेजारी. काठापासून निदान 200 फूट दूर राहा, आणि पहिल्या फेरीआधी वाडीत जाऊन बोला. नंतर गेलात तर ते बोलणं महाग पडतं.

आईच्या खात्याला नॉमिनी लावलाय का, तेवढं मात्र या आठवड्यात पोस्टात जाऊन बघून या.